विजेच्या गोळ्याचं काय करायचं?

जुलै-ऑगस्टच्या संततधारेत मुंबईवर गडगडाट तसा कमीच असतो. विजांचं खरं थैमान चालतं ते पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात. अशा एखाद्या रात्रीनंतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास एक व्हिडिओ फिरतो: समोरच्या गच्चीवरून सरकत गेलेला आगीचा गोळा. लगेच दोन तट पडतात. काहीजण म्हणतात, विज्ञानाला सगळंच कुठे कळतं! बाकीचे म्हणतात, असलं काही नसतंच. मला या दोन्ही उत्तरांतली घाई खटकते.

तारांमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्टसर्किट झालं तरी असा झगमगाट दिसतो, तेव्हा ती शक्यता आधी तपासायलाच हवी. पण सगळ्याच साक्षी अशा निकालात निघत नाहीत. 1963 साली ब्रिटिश रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ जेनिसन वादळातून जाणाऱ्या विमानात बसले होते. वैमानिकांच्या कक्षाकडून सुमारे 20 सेंटिमीटरचा एक तेजस्वी गोळा आला आणि आसनांमधल्या वाटेने मागे निघून गेला. जेनिसननी पुढे ‘नेचर’मध्ये हे नोंदवलं. त्यांनी रंग, आकार, उंची असं दिसलं तेवढं लिहिलं, आणि मला यातला संयमच मोलाचा वाटतो.

2012 साली चीनमधल्या छिंगहाय पठारावर संशोधक साध्या विजांचा वर्णपट, म्हणजे प्रकाशातल्या रंगांची फोड, टिपत होते; तिच्यावरून मूलद्रव्यं ओळखता येतात. त्यांच्या उपकरणांसमोर योगायोगाने असाच एक गोळा आला, जेमतेम दीड सेकंद टिकला. त्याच्या प्रकाशात सिलिकॉन, लोह आणि कॅल्शियम सापडलं, म्हणजे मातीतलीच मूलद्रव्यं. वीज जमिनीवर पडते, मातीतल्या सिलिकॉनची वाफ होते आणि ती हवेत जळत राहते, ही कल्पना 2000 सालीच मांडली गेली होती. तिला या नोंदीने बळ दिलं. मग विमानात माती कुठून आली? एका नोंदीने सगळ्या गोळ्यांचा निकाल लागत नाही, आणि तसं कबूल करायला शास्त्रज्ञांना संकोच वाटत नाही.

दुर्लक्षित साक्षी पुढे खऱ्या निघाल्याचंही उदाहरण आहे. वादळी ढगांच्या वर लाल ज्वाळा उसळतात, असं वैमानिक कित्येक वर्षं सांगत होते. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1989 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले लोक मंद प्रकाशातला कॅमेरा तपासत होते, त्यात त्या सापडल्या. आज त्यांना स्प्राइट म्हणतात. जमिनीपासून साधारण 50 ते 90 किलोमीटर उंचीवर त्या क्षणभर चमकतात. ढगांवरच्या हवेतही विद्युतस्राव होऊ शकतो, हे स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी 1920च्या दशकातच गणिताने मांडलं होतं.

वादळी ढगात अब्जभर व्होल्टचा विद्युतदाब साठू शकतो, हाही विल्सन यांचाच अंदाज. तो प्रत्यक्ष मोजला गेला भारतात! आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उटीला म्यूऑन दुर्बीण आहे. म्यूऑन म्हणजे अवकाशातले वेगवान कण हवेवर आदळून तयार होणारे सूक्ष्म कण. 1 डिसेंबर 2014च्या वादळात तिथे पोचणारे म्यूऑन कण सुमारे 2 टक्क्यांनी घटले. त्यावरून ढगातला दाब निघाला 1.3 अब्ज व्होल्ट. ढगात न शिरता, वरून आपोआप बरसणाऱ्या कणांच्या हिशेबातून हे साधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एवढं होऊनही नेहमीची वीज मुळात सुरू कशी होते, याचं एकमताचं उत्तर अजून नाही. हवेतून ठिणगी उडायला जेवढं विद्युतक्षेत्र लागतं, त्याच्या साधारण दहावा हिस्साच ढगांत मोजला गेला आहे. गारा आणि बर्फाचे कण की अवकाशातून येणारे वेगवान कण, यावर काम चालू आहे.

तेव्हा असा गोळा दिसलाच तर घरातच राहून वेळ, दिशा, रंग आणि तो किती सेकंद टिकला हे लगेच लिहून ठेवा. आवाज किंवा वास आला का, तेही लिहा. शूटिंग करताना चौकटीत एखादी इमारत राहू द्या, म्हणजे पुढे आकाराचा अंदाज बांधता येतो. मूळ फाइल मात्र जपा. फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओचे तपशील पुसट होतात आणि तो नेमका कधी घेतला हे सांगणं कठीण होऊन बसतं.