अमेरिकेत आपल्या माणसाचं लग्न लावायचंय? अधिकार, अर्ज आणि कागदपत्रं

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न आता बऱ्याचदा निघतो. मुलगी म्हणते, माझं लग्न मावशीने लावावं. मुलगा म्हणतो, कॉलेजपासूनचा मित्र आहे, त्याने लावावं. मंगलाष्टकं होतील, सप्तपदी होईल, पण सरकारी कागदावर सही आपल्या माणसाची हवी. ही इच्छा मला मनापासून आवडते, आणि ती कायद्यात बसवताही येते. अडचण अशी की बहुतेकांना सल्ला मिळतो तो अर्धाच: "नेटवर फुकट ऑर्डिनेशन मिळतं, भरून टाक." माणूस फॉर्म भरतो, सर्टिफिकेट छापतो आणि निर्धास्त होतो. ऑर्डिनेशन, म्हणजे लग्न लावण्यासाठी धर्मसंस्थेकडून घेतलेली दीक्षा, हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्याआधी एक फोन करायचा, ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) लग्न लागणार तिथल्या क्लार्कच्या, म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याच्या, ऑफिसला.

कारण अमेरिकेत लग्नाचा कायदा राज्यागणिक बदलतो आणि त्याची अंमलबजावणी काउंटी किंवा गावपातळीवर होते. तुम्ही कुठे राहता याला फारसं महत्त्व नाही. लग्न ज्या जमिनीवर लागणार तिथला नियम लागू होतो. न्यू जर्सीतल्या एडिसनचं जोडपं पोकोनोजच्या एखाद्या रिसॉर्टवर लग्न करणार असेल, तर न्यू जर्सीचं मॅरेज लायसन्स (लग्नाआधी काढायचा सरकारी परवाना) तिथे कामाचं नाही. पोकोनोज पेनसिल्व्हेनियात आहे, म्हणून लायसन्सही पेनसिल्व्हेनियाचं लागतं आणि लग्न कोण लावू शकतो हेही पेनसिल्व्हेनियाच ठरवतं.

दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या ठेवा. मॅरेज लायसन्स जोडप्याने काढायचं असतं. लग्न लावण्याचा अधिकार लावणाऱ्याकडे असावा लागतो. एकाच्या अर्जाने दुसरं मिळत नाही.

ऑर्डिनेशन कसं घ्यायचं

बहुतेक राज्यांच्या कायद्यात न्यायाधीश आणि काही सरकारी अधिकारी यांच्याबरोबर "कोणत्याही धर्मसंस्थेचा दीक्षित किंवा अधिकृत माणूस" लग्न लावू शकतो, असं म्हटलेलं असतं. देवळाचे पुजारी याच वाटेने सही करतात. आपल्या मावशीला किंवा मित्राला ही वाट उघडते ती युनिव्हर्सल लाइफ चर्चसारख्या संस्थांमुळे. कर्बी हेन्सली यांनी कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे हे चर्च सुरू केलं आणि मागेल त्याला दीक्षा द्यायचं धोरण ठेवलं. आज मोडेस्टोची मूळ संस्था आणि सिअ‍ॅटलची युनिव्हर्सल लाइफ चर्च मोनॅस्टरी या दोन स्वतंत्र संस्था आहेत. सिअ‍ॅटलमध्येच अमेरिकन मॅरेज मिनिस्ट्रीज नावाची आणखी एक आहे. यांपैकी कोणत्या संस्थेकडून दीक्षा घेतली हे नीट लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक कागदावर ते नाव जसंच्या तसं लिहावं लागतं.

अर्जाला वय १८ पूर्ण लागतं, खरं कायदेशीर नाव आणि ईमेल लागतो. ऑर्डिनेशनला पैसे पडत नाहीत. छापील सर्टिफिकेट आणि पत्रं मागवली तर त्यांचे पडतात. नाव पासपोर्टवर किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर आहे तसंच भरा. आपल्याकडे मधल्या नावाचा घोळ नेहमी होतो: एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर काहीच नाही. क्लार्क ओळखपत्राशी ताडून बघतो, त्यामुळे घरात सगळे ज्या नावाने हाक मारतात ते इथे चालत नाही.

अनेक मराठी माणसं इथे थबकतात. "चर्चचं मिनिस्टर (धर्मगुरू) व्हायचं म्हणजे धर्म बदलला का?" या संस्था तुमची श्रद्धा सोडायला सांगत नाहीत. तरीही एखाद्याच्या मनाला ते पटत नसेल तर त्याचा आदर करावा आणि खाली दिलेली एक दिवसाची परवानगी बघावी. मनाविरुद्ध घेतलेल्या पदवीने लग्न लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक राज्याची वेगळी अट

कॅलिफोर्निया सगळ्यात मोकळं. लग्न लावणाऱ्याने कुठेही नाव नोंदवायची गरज नाही. न्यू यॉर्क शहराच्या पाच बरोंमध्ये (विभागांमध्ये) लग्न असेल, तर मात्र सिटी क्लार्ककडे आधी नोंदणी करावीच लागते. त्याची फी १५ डॉलर. दीक्षेचं सर्टिफिकेट, संस्थेचं पत्र आणि फोटो ओळखपत्र तयार ठेवा आणि हे काम लग्नाच्या आठवड्यावर ठेवू नका. ओहायोत लग्न लावणाऱ्याला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून स्वतःचं वेगळं लायसन्स घ्यावं लागतं. मिनेसोटात दीक्षेचा कागद काउंटीकडे नोंदवायचा असतो. नेवाडात, म्हणजे लास व्हेगसमध्येसुद्धा, काउंटी क्लार्कची परवानगी लागते. व्हर्जिनियात सर्किट कोर्टाकडून अधिकार घ्यावा लागतो आणि ऑनलाइन दीक्षेवर तिथे परवानगी मिळेलच असं गृहीत धरू नये.

टेनेसीने २०१९ मध्ये कायदाच केला की ऑनलाइन दीक्षा घेतलेल्याने लग्न लावू नये. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पण नॅशव्हिलच्या लग्नासाठी मी कोणालाही ही वाट सुचवणार नाही. पेनसिल्व्हेनियात २००७ साली यॉर्क काउंटीच्या कोर्टाने असं एक लग्न रद्दबातल ठरवलं, कारण लावणाऱ्याला ना प्रार्थनास्थळ होतं, ना अनुयायी. पुढच्याच वर्षी त्याच राज्यातल्या बक्स काउंटीच्या कोर्टाने उलट निकाल दिला. एका राज्यात दोन कोर्टं दोन गोष्टी सांगतात तेव्हा लग्नाची वैधता नशिबावर का सोडायची? आणि पेनसिल्व्हेनियात सोपा पर्याय आहेच. तिथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतून आलेलं सेल्फ-युनायटिंग लायसन्स मिळतं. त्यावर जोडपं आणि दोन साक्षीदार सही करतात, लावणाऱ्याची सही लागतच नाही. मावशी अंतरपाट धरेल, मंत्र म्हणेल, सगळं करेल. कायद्याचा भार तिच्यावर येत नाही. कोलोरॅडोतही जोडप्याला स्वतःच स्वतःचं लग्न लावता येतं.

एक दिवसाची परवानगी

ज्यांना चर्चची वाट नको त्यांच्यासाठी ही खरी सोय आहे, आणि आपल्या लोकांना ती फार कमी माहीत आहे. कॅलिफोर्नियातल्या अनेक काउंट्या मित्राला किंवा नातेवाइकाला एका दिवसापुरतं डेप्युटी कमिशनर ऑफ सिव्हिल मॅरेजेस नेमतात. अर्ज काउंटी क्लार्ककडे करायचा, फी भरायची, शपथ घ्यायची. सगळ्याच काउंट्या हे करत नाहीत आणि फी सारखी नसते, म्हणून पुन्हा तोच फोन. न्यू यॉर्क राज्याने मार्च २०२३ पासून एक दिवसाचं ऑफिशियंट (लग्न लावणाऱ्याचं) लायसन्स सुरू केलं. गावाच्या किंवा शहराच्या क्लार्ककडे अर्ज, २५ डॉलर फी, आणि ते एका ठरलेल्या लग्नापुरतं चालतं. मॅसॅच्युसेट्समध्ये वन-डे मॅरेज डेझिग्नेशन गव्हर्नरच्या कार्यालयाकडून येतं. तिथे आठवडे हाताशी ठेवून अर्ज करावा.

जोडप्याचं लायसन्स

दोघांनी एकत्र जायचं असतं, पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन. आधीचं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाची तारीख विचारतात, काही ठिकाणी हुकूमनामाही मागतात. मुहूर्त काढताना दोन गोष्टी धरा: लायसन्स मिळाल्यावर किती थांबायचं आणि ते किती दिवस टिकतं. कॅलिफोर्नियात थांबावं लागत नाही, ९० दिवस चालतं. न्यू यॉर्कमध्ये २४ तास थांबा, ६० दिवसांत लग्न करा. न्यू जर्सीत अर्ज केल्यावर ७२ तास थांबावं लागतं. टेक्सासमध्येही ७२ तास आणि ९० दिवस. इलिनॉयमध्ये लायसन्स दुसऱ्या दिवसापासून लागू होतं, आणि ज्या काउंटीने दिलं त्याच काउंटीत चालतं. शिकागोचं, म्हणजे कुक काउंटीचं लायसन्स नेपरव्हिलच्या हॉलवर चालणार नाही. भारतातून आई-वडील चार दिवसांसाठी आलेत आणि जोडपं शुक्रवारी क्लार्ककडे जातंय, असं होऊ देऊ नका.

कॅलिफोर्नियातल्या मुलींनी एक गोष्ट अर्जाच्या खिडकीवर जाण्याआधी ठरवून जावी: लग्नानंतरचं नाव. ते लायसन्सवरच लिहावं लागतं आणि लग्न लागल्यावर विचार बदलला म्हणून तिथे दुरुस्त होत नाही. आडनाव बदलता येतं. मधल्या नावाला मात्र मर्यादा आहे. दोघांपैकी कोणाचं तरी सध्याचं किंवा जन्माचं आडनाव तिथे घेता येतं, किंवा आपलं मधलं नाव आणि आडनाव जोडून लिहिता येतं. नवऱ्याचं पहिलं नाव आपलं मधलं नाव म्हणून घ्यायची आपल्याकडची रीत यात बसत नाही. त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज लागतो. लग्नात पहिलं नाव बदलायची हौस असेल तर तेही या कागदावर होत नाही.

लग्नाच्या दिवशी

कायद्याला कोणता विधी केला याच्याशी देणंघेणं नाही. लाजाहोम करा, नुसते हार घाला, चालतं. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क दोन्हीकडे एकच गाभा आहे: लावणाऱ्याच्या आणि साक्षीदाराच्या समोर दोघांनी एकमेकांचा जोडीदार म्हणून स्वीकार केल्याचं जाहीर करायचं. सप्तपदीत तो भाव आहेच, पण संस्कृत सगळ्यांना कळत नाही. म्हणून सप्तपदी झाल्यावर लावणाऱ्याने दोघांना सरळ प्रश्न विचारावा, "तू हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?", "तू ह्याचा पती म्हणून स्वीकार करतेस का?", आणि मोठ्याने होकार घ्यावा. मराठीत विचारा, इंग्रजीत विचारा. साक्षीदाराला कळलं पाहिजे.

पुण्याचे गुरुजी झूमवरून मंत्र म्हणतात, असं आता पुष्कळ ठिकाणी होतं. त्यात वावगं काही नाही. पण कागदावर सही करणारा माणूस जोडप्यासमोर, त्याच हॉलमध्ये असायला हवा. पडद्यावरच्या गुरुजींच्या वतीने कोणीतरी सही ठोकणं हा गुन्ह्याचा विषय होऊ शकतो. मावशीलाच मंत्र शिकायचे असतील तर पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत स्त्रियांना पौरोहित्याचं प्रशिक्षण देतात. तिथे विधीचा अर्थ मराठीत समजावून सांगण्याची पद्धत आहे, ती परदेशातल्या मांडवात फार उपयोगी पडते.

आता लावणाऱ्याचं खरं काम. लायसन्स काळ्या शाईने, सुवाच्य भरायचं. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नाहीच. कॅलिफोर्नियात अशा कागदाला काउंटी परत पाठवते आणि दुसरी प्रत काढावी लागते. पद म्हणून "मिनिस्टर", संप्रदायाच्या रकान्यात दीक्षा देणाऱ्या संस्थेचं नाव, आणि एक दिवसाची नेमणूक असेल तर त्यांनी सांगितलेला हुद्दा. साक्षीदार कॅलिफोर्नियात साध्या लायसन्सवर एक पुरतो, दोन चालतात. न्यू यॉर्कला किमान एक लागतो. टेक्सासमध्ये साक्षीदाराची अट नाही.

मग तो कागद क्लार्ककडे पोचवायचा, आणि ही जबाबदारी लावणाऱ्याचीच असते, जोडप्याची नव्हे. न्यू यॉर्कमध्ये ५ दिवसांत, कॅलिफोर्नियात १० दिवसांत, टेक्सासमध्ये ३० दिवसांत. मांडव आवरताना कागद आहेरांच्या पिशवीत जातो आणि जोडपं मधुचंद्राला निघून जातं. हे टाळायचं असेल तर सह्या झाल्याबरोबर कागदाचा फोटो काढा, लग्न लावणाऱ्याने लिफाफा स्वतःजवळ ठेवावा आणि जमलं तर सोमवारी सकाळी स्वतः नेऊन द्यावा. व्हिसाचं, विम्याचं, बँकेचं सगळं काम याच नोंदीवर अवलंबून असतं.

लावणारा एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल तर मानधन घेऊ नये, दक्षिणा म्हणूनही नाही. त्या व्हिसांवर परवानगीबाहेरची कमाई चालत नाही. कोणी आग्रहच केला तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं.

लग्न महाराष्ट्रात असेल तर यातलं काहीच लागू नाही. अमेरिकेतलं ऑर्डिनेशन तिथे उपयोगाचं नाही आणि त्याची गरजही नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ लग्न लावणाऱ्याकडे परवाना मागत नाही. रूढीप्रमाणे विधी झालेला असावा लागतो. नोंदणीच्या वेळी ज्ञापनावर (विवाह नोंदणीच्या फॉर्मवर) वधू-वर आणि तीन साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्या पुरोहिताचीही सही घेतात, म्हणून त्यांचा पत्ता आणि ओळखपत्राची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं असेल तर ते विवाह अधिकाऱ्यासमोरच, ३० दिवसांच्या नोटिशीनंतर होतं. तिथे मित्राला साक्षीदार करता येईल, लावणारा नाही.

अमेरिकेत नोंद झाल्यावर सर्टिफाइड कॉपी बऱ्याच ठिकाणी आपोआप घरी येत नाही, मागवावी लागते. एकदम तीन-चार मागवा. भारतात वापरायची असेल तर त्यातल्या एकीवर लग्न झालं त्या राज्याकडून अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घ्या. बहुतेक राज्यांत हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटचं खातं करतं. भारत २००५ पासून अपोस्टिल मानतो, त्यामुळे त्याच कागदासाठी वेगळ्या दूतावासी शिक्क्यांच्या मागे फिरावं लागत नाही.