ओळ माणसाची की कामाची? नियोजनाच्या सॉफ्टवेअरमधल्या रिसोर्स-वाटपाची पार्श्वभूमी

नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कामांची यादी भरणं सोपं असतं. घोळ सुरू होतो तो त्या कामांवर माणसं आणि यंत्रं, म्हणजे 'रिसोर्स', लावायला घेतली की. पाच दिवसांची खोदाई अडीच दिवसांत संपते, एकच पोकलेन मशीन एकाच सकाळी दोन टोकांना खोदताना दिसतं, सहा दिवसांचा आठवडा लावूनही 'एक आठवडा' पाचच दिवसांचा राहतो. यातलं बरंचसं सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे होत नाही. या प्रोग्रामांचा सांगाडा कामांसाठी बांधला गेला आणि माणसं-यंत्रं त्याला मागाहून जोडली गेली. तो सांधा आजही जाणवतो.

मुळात उलट होतं. ज्यांच्या नावाने आडव्या पट्ट्यांचा तक्ता ओळखला जातो त्या हेन्री गँट यांच्या कारखान्यातल्या तक्त्यांत डावीकडे बहुतेकदा कामगारांची किंवा यंत्रांची नावं असत. एक ओळ म्हणजे एक माणूस, नाहीतर एक लेथ. दिवसाचं ठरलेलं काम किती आणि झालं किती, हे रेघेच्या लांबीवरून कळे. काम कमी पडलं तर कारण एका अक्षरात लिहीत: माणूस गैरहजर, माल नाही, यंत्र दुरुस्तीला. पहिल्या महायुद्धात फिलाडेल्फियातल्या फ्रँकफर्ड शस्त्रागारातही गँट यांनी ही पद्धत वापरली. त्याआधी, 1896 मध्ये, पोलंडचे कारोल अदामिएत्स्की यांनी कागदी पट्ट्यांचा 'हार्मोनोग्राम' तयार केला होता. पण त्यांचं लेखन पोलिश भाषेत होतं आणि पश्चिमेत त्याची माहिती फार उशिरा पोहोचली.

ओळ कामाच्या ताब्यात गेली ती संगणकामुळे. 1957 च्या सुमारास ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणकावर क्रिटिकल पाथ पद्धत उभी केली. 1958 मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी 'पर्ट' ही तशीच दुसरी पद्धत आली. कोणतं काम कोणत्या कामानंतर, आणि कोणतं लांबलं तर सगळं लांबतं, हे त्यांनी चोख सांगितलं. मात्र मूळ गणितात एक गृहीतक दडलेलं होतं: हवी तितकी माणसं आणि यंत्रं हजर आहेत. दोन कामं एकमेकांवर अवलंबून नसतील तर ती एकाच वेळी चालतील. दोन्हींना लागणारी क्रेन एकच आहे, याची कामांच्या त्या जाळ्याला खबर नसे.

ही उणीव त्याच मंडळींना लगेच दिसली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच केली यांनी मर्यादित साधनांचं वेळापत्रक लावण्याच्या पद्धती मांडल्या. त्यातली एक अगदी साधी: कामं अग्रक्रमाने रांगेत लावायची, एकेक उचलायचं आणि आधीची कामं संपून माणूस-यंत्र मोकळं होईल त्या पहिल्या जागी बसवायचं. आजच्या लेव्हलिंगमागे, म्हणजे माणूस-यंत्र दुहेरी अडकू नये म्हणून कामं आपोआप पुढे सरकवण्यामागे, हीच जातकुळी आहे. मर्यादित साधनांत सर्वांत आखूड वेळापत्रक शोधणं हा गणितातल्या 'एनपी-हार्ड' वर्गातला, म्हणजे झटपट अचूक उत्तर काढण्याची रीत माहीत नसलेला, प्रश्न आहे, हे 1983 मध्ये सिद्ध झालं. म्हणून लेव्हलिंगचं बटण दाबल्यावर येतं ते नियमांनी काढलेलं एक चालण्याजोगं वेळापत्रक. ते सर्वोत्तम असतंच असं नाही, आणि अग्रक्रम बदलला की शेवटची तारीखही बदलू शकते.

त्याच 1983 मध्ये जोएल कॉपेलमन आणि डिक फॅरिस यांनी प्रिमाव्हेरा कंपनी काढली, तीही फिलाडेल्फियाजवळच. 2008 मध्ये ती ओरॅकलकडे गेली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट 1984 मध्ये डॉसवर आलं आणि 1990 मध्ये विंडोजवर. या पिढीने रिसोर्सला कामाच्या आत बसवलं, एका सूत्राने: श्रम = कालावधी × युनिट्स. एक माणूस पूर्णवेळ म्हणजे 100 टक्के, पाच दिवस, रोज आठ तास: 40 तास. तीनपैकी एक आकडा बदलला की दुसरा हलणारच. कोणता थांबवायचा ते मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये टास्क टाइप ठरवतो: फिक्स्ड युनिट्स, फिक्स्ड ड्युरेशन किंवा फिक्स्ड वर्क.

आता त्यातच पायाखोदाईचं काम घ्या. कालावधी 5 दिवस, ऑपरेटर लावला, 40 तास झाले. थोड्या वेळाने आठवण होऊन पोकलेन मशीन जोडलं. काम फिक्स्ड युनिट्सचं असून 'एफर्ट ड्रिव्हन' ची खूण असेल, तर सॉफ्टवेअर तेच 40 तास दोघांत वाटतं: प्रत्येकी 20, आणि खोदाई अडीच दिवसांवर येते. त्याच्या लेखी मशीन म्हणजे दुसरा मजूर. दोघांना पहिल्याच वेळी एकत्र लावलं असतं तर कालावधी पाचच दिवस राहिला असता आणि प्रत्येकाला 40 तास मिळाले असते. त्यामुळे मशीन आणि ते चालवणारा यांना नेहमी एका झटक्यात नेमावं, नाहीतर आधी ती खूण काढावी. 2007 पर्यंतच्या आवृत्त्यांत ती आपोआप असे. आज नव्या कामाला ती आपोआप नसते, पण जुन्या फाइलवरून नवी बनवली की ती सोबत येते. भिंतीचं प्लास्टर दोन गवंड्यांत खरंच वाटलं जातं, तिथे ती हवीच.

सिमेंट, डिझेल अशा मालासाठी वेगळा 'मटेरियल' प्रकार मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या 2000 च्या आवृत्तीत आला. डिझेलच्या नेमणुकीत तासाला 10 लिटर असा दर दिला तर 40 तासांना 400 लिटर लागतात, आणि काम आठ दिवसांवर गेलं की आकडा आपसूक 640 होतो. नुसतं 400 लिहिलं तर काम कितीही लांबलं तरी 400 च राहतात. भाड्याच्या मशीनचं डिझेल दरानेच भरावं.

कॅलेंडरची चूक आपल्याकडे हमखास होते. सोमवार ते शनिवार असं कॅलेंडर केलं, तरी ऑप्शन्समधला 'आठवड्याचे तास' हा आकडा 40 च राहतो. मग 'एक आठवडा' लिहिलं की 40 तास, म्हणजे पाच दिवस. तिथे 48 करायलाच हवेत. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरू देणं, तर रविवारीही चालू असतं. सात दिवसांचं क्युरिंग साध्या दिवसांत भरलं की सुट्ट्या त्यात मिळून ते लांबतं. त्यासाठी सुट्ट्या न वगळता सलग मोजलेला घड्याळी कालावधी, '7 ईडी' (इलॅप्स्ड डेज), द्यावा लागतो. प्रिमाव्हेरात काम स्वतःच्या कॅलेंडरवर चालवायचं की नेमलेल्या रिसोर्सच्या, हे कामाच्या प्रकारातच निवडता येतं. क्रेन फक्त रात्रपाळीत मिळणार असेल तेव्हा 'रिसोर्स डिपेंडंट' निवडावं.

लेव्हलिंगपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्रायॉरिटी 0 ते 1000 असते, मूळची 500. 1000 दिलेलं काम लेव्हलिंग हलवतच नाही, म्हणून ती स्लॅबच्या ठरलेल्या तारखेसारख्या कामांनाच द्यावी. दुसरी गोष्ट, एका माणसाची चार-चार तासांची दोन कामं सकाळी आठलाच सुरू होत असतील तर माणूस दुहेरी अडकल्याची लाल खूण दिसते, पण लेव्हलिंग केल्यावरही जात नाही. हिशेब मूळचा 'दिवसागणिक' असतो आणि दिवसाचे आठ तास तर बरोबर भरतात. कामं एकामागे एक जोडली की खूण जाते.

2010 मध्ये मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या प्रोफेशनल आवृत्तीत 'टीम प्लॅनर' आला. त्यात पुन्हा एक ओळ म्हणजे एक माणूस किंवा एक यंत्र. पट्टी माउसने उचलून दुसऱ्या ओळीवर टाकली की काम दुसऱ्याकडे जातं, आणि कोणालाच न दिलेली कामं खालच्या भागात पडून दिसतात. डिझेल-सिमेंट तिथे दिसत नाही. त्यासाठी 'रिसोर्स युसेज' हा दुसरा तक्ताच उघडावा लागतो.