पार्श्वभूमी : डीईएफचा सेन्सर पोकलेन का अडवतो

इंजिन ठणठणीत, ऑइलचा दाब बरोबर, हायड्रॉलिकमध्ये काही खोट नाही. तरी बकेट मातीत घातली की मशीन गुदमरते, आणि पडद्यावर डीईएफचा, म्हणजे धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा, दिवा लुकलुकत असतो. जुन्या मेकॅनिकला हे पटत नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही. त्याने आयुष्यभर जे सेन्सर पाहिले ते इंजिन वाचवायला बसवलेले होते. ऑइलचा दाब पडला तर बेअरिंग जाईल, पाणी तापलं तर हेड गॅस्केट जाईल, म्हणून मशीन थांबायची. डीईएफची टाकी कोरडी पडली तरी इंजिनाचं काहीही बिघडत नाही. तो सेन्सर नियमाच्या बाजूने टाकीवर नजर ठेवतो. हे डोक्यात ठेवलं नाही तर या बिघाडांचा माग नीट लागत नाही.

अमेरिकेत रस्त्याबाहेरच्या डिझेल इंजिनांवर पहिली बंधनं १९९६ पासून टप्प्याटप्प्याने आली. १३० ते ५६० किलोवॉटच्या इंजिनाला तेव्हा दर किलोवॉट-तासामागे ९.२ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती. नियमांच्या नंतरच्या 'टियर ३' या टप्प्यात नायट्रोजन ऑक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मिळून ४ ग्रॅमची मर्यादा आली. इथपर्यंत सगळं सिलिंडरच्या आतच भागत होतं: इंजेक्शनची वेळ बदल, कॉमन रेल लाव, जळालेल्या वायूचा थोडा भाग परत आत घे. २०१४ पासून 'टियर ४ फायनल' लागू झाला आणि त्याच इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा ०.४ ग्रॅमवर आला, काजळीचा ०.०२ वर. युरोपचा 'स्टेज ४' त्याच सुमाराचा आणि तितकाच कडक. सिलिंडरमधली आग जास्त तापवली तर काजळी कमी होते पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. थंड ठेवली तर नेमकं उलटं. दोन्ही आकडे एकदम खाली आणायचे तर धुराचा बंदोबस्त सायलेन्सरच्या वाटेवरच करावा लागणार होता. १९ ते ५६ किलोवॉटच्या इंजिनांना मात्र दोन्ही वायू मिळून ४.७ ग्रॅमची सूट राहिली. लहान पोकलेनवर डीईएफची टाकी सहसा दिसत नाही, ती यामुळेच.

त्या बंदोबस्ताची युक्ती नवी नव्हती. अमोनिया आणि उत्प्रेरक वापरून नायट्रोजन ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी करायचं पेटंट अमेरिकेतल्या एंगलहार्ड कंपनीने १९५७ मध्ये घेतलं होतं. १९७० च्या दशकात जपानने ती वीजकेंद्रांत वापरात आणली. गाडीवर अमोनियाची टाकी घेऊन फिरणं धोक्याचं, म्हणून युरियाचं द्रावण आलं. गरम एक्झॉस्टमध्ये त्याचाच अमोनिया होतो. द्रावणात युरिया ३२.५ टक्के, कारण त्या प्रमाणात ते सर्वांत उशिरा, म्हणजे उणे ११ अंशांना गोठतं. ट्रकवर ही व्यवस्था जपानमध्ये २००४ ला आणि युरोपात २००५ ला विक्रीला आली. २००६ मध्ये द्रावणाच्या शुद्धतेचं आयएसओ २२२४१ हे मानक ठरलं.

खरी मेख पुढे आहे. डिझेल संपलं तर ट्रक थांबतो, डीईएफ संपलं तर थांबत नाही. टाकीत नळाचं पाणी भरलं तरी गाडी तितकीच जोरात पळते, वर पैसेही वाचतात. हे ओळखूनच युरोपीय संघाने २००६ मध्ये नियम सुधारले आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढले तर इंजिनाची ताकद कमी करायची सक्ती आणली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएनेही तोच मार्ग धरला. टाकीत द्रावण आहे का, ते द्रावणच आहे का, ते फवारलं जातंय का, आणि शेवटी धूर खरंच स्वच्छ झाला का, असे चार पहारे बसले. एक जरी पहारा आंधळा झाला, तरी नियमाच्या लेखी चालक लबाडीच करतोय असं धरलं जातं. तुटलेली वायर आणि पाणी भरलेली टाकी यांना जवळपास सारखीच शिक्षा मिळते, ती या संशयामुळे. मला हा या सगळ्या रचनेतला सर्वांत कच्चा दुवा वाटतो.

पातळी मोजायला आधी तरंगता फ्लोट आणि चुंबकी स्विच असत. पुढे अल्ट्रासोनिक सेन्सर आले. द्रावणातून ध्वनी किती वेगाने जातो त्यावरून त्यातला युरिया किती हेही ते सांगतात. हा वेग तापमानानेही बदलतो, म्हणून तापमानाचा सेन्सर त्याच डोक्यात बसवलेला असतो. तो चुकला तर गुणवत्तेचा आकडाही चुकतो. घाईने टाकी भरल्यावर बुडबुडे अडकले तर चांगलं द्रावणही 'खराब' ठरतं. टाकी ऊबदार ठेवणाऱ्या कूलंटचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर द्रावण सतत तापून हळूहळू खरोखरच बिघडतं. अशा वेळी सेन्सर खरं बोलत असतो आणि बदलला जातो तोच! रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रावणातला युरिया मोजणाऱ्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर, एक थेंब टाकून ३२.५ च्या आसपास आकडा येतो का हे आधी पाहिलं, तर पुष्कळ सेन्सर वाचतील. सायलेन्सरजवळच्या, नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या नॉक्स सेन्सरची वेगळीच खोड आहे. त्याला अमोनियाही नायट्रोजन ऑक्साइडसारखाच दिसतो. त्यामुळे फवारा जास्त होत असला तरी कोड 'कमी पडतंय' असाच सुचवतो.

ट्रकवर घडलेली ही व्यवस्था पोकलेनवर आली तेव्हा तिचं वातावरण बदललं. ट्रक हायवेवर तासन्‌तास एकसारखा तापलेला असतो. पोकलेन टिपरची वाट पाहत आयडलवर उभी असते. एक्झॉस्ट साधारण २०० अंशांच्या खाली असला की फवारा बंदच राहतो, आणि त्या सीमेवर रेंगाळत राहिलं तर नळीत पांढरे थर जमतात. डीईएफ धुळीत, डब्यातून, कधी डिझेलच्याच फनेलने भरलं जातं. शिवाय मुख्य बॅटरी स्विच आहेच. चावी काढल्यावर पंप नळ्यांतलं द्रावण परत टाकीत ओढतो, त्याला एक-दोन मिनिटं लागतात. ऑपरेटरने लगेच स्विच पाडला तर द्रावण नळीत आणि नोझलमध्ये सुकतं. कनेक्टर उघडल्यावर पिनांभोवती मिठासारखी पांढरी पावडर आणि तांब्यावर हिरवट डाग दिसले, तर द्रावण वायरीच्या आतून चढत आलंय असं समजावं. तिथे नवा सेन्सर लावला तरी कोड परत येणारच.

हे कोड ज्या भाषेत येतात ती जे-१९३९ म्हणजे अवजड वाहनांसाठी १९९० च्या दशकात बेतलेली व्यवस्था. त्यात एक आकडा जागा सांगतो आणि दुसरा बिघाडाची तऱ्हा. १७६१ म्हणजे टाकीतली पातळी, ३०३१ तापमान, ३३६४ गुणवत्ता, ३२१६ आणि ३२२६ हे उत्प्रेरकाच्या आधीचा आणि नंतरचा नॉक्स सेन्सर. बरेच जण पहिला आकडा वाचून सेन्सर मागवतात. दुसरा आकडा ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेज वर किंवा खाली गेलंय, ५ असेल तर सर्किट तुटलंय. ९ असेल तर सेन्सरचा निरोपच पोचत नाही, म्हणजे आधी त्याचा फ्यूज आणि कॅनच्या, म्हणजे सेन्सर आणि कंट्रोलर यांच्यात निरोप नेणाऱ्या जाळ्याच्या, दोन तारा तपासायच्या. सगळा सप्लाय बंद करून त्या तारांमध्ये ६० ओहम मिळायला हवेत. १८ सारखा आकडा असेल तर सेन्सर जिवंत आहे आणि मोजमाप कमी दाखवतोय. मग संशय द्रावणावर घ्यायचा.

२०२१ च्या चिप टंचाईत टाकीतले सेन्सरच मिळेनासे झाले, तेव्हा ईपीएने उत्पादकांना सॉफ्टवेअरमधून सक्ती तात्पुरती सैल करू दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिने पुढचं पाऊल टाकलं: रस्त्याबाहेरच्या मशीनला बिघाडानंतर पहिले ३६ तास काहीच कपात नको, नंतर टॉर्क २५ टक्के कमी, आणि १०० तासांनी ५० टक्के, असं मार्गदर्शन दिलं. पण ते उत्पादकाने सॉफ्टवेअर काढून मशीनमध्ये चढवल्यावरच लागू पडतं. तोवर त्या मशीनची ताकद जुन्याच वेळापत्रकाने घटते.