कैरोचा अल अहली : एका नावामागचा इतिहास

इजिप्तच्या राष्ट्रीय भावनेशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या, आज फुटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या अल अहली क्लबचे पहिले अध्यक्ष इंग्रज होते. आल्फ्रेड मिचेल-इनेस हे इजिप्तच्या अर्थखात्यातील अधिकारी. क्लबच्या स्थापनेची बैठक 24 एप्रिल 1907 रोजी गीझा येथे त्यांच्याच घरी झाली. 1882 पासून देश ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि अर्थखात्यातील वजनदार माणूस पाठीशी असल्याखेरीज पैसा उभा राहणे अवघड होते, हे संस्थापक जाणून होते. पुढल्याच वर्षी मिचेल-इनेस पायउतार झाले, अझीझ इज्जत पाशा अध्यक्ष झाले आणि इंग्रजाची गरज संपली.

मूळ कल्पना उमर लुत्फी बे यांची. ते कायदेपंडित होते आणि 1905 मध्ये निघालेल्या उच्च विद्यालयांच्या विद्यार्थी मंडळाचे प्रमुख होते. तो काळ ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कल्पनेचे मोल कळत नाही. जून 1906 मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील दिनशवाय गावात कबुतरांच्या शिकारीवरून ब्रिटिश अधिकारी आणि गावकरी यांच्यात झटापट झाली. त्यानंतर खास न्यायालय बसवून चार गावकऱ्यांना फाशी देण्यात आली आणि इतरांना जाहीर फटके मारण्यात आले. या घटनेने शिकलेला तरुण पेटून उठला होता. विद्यार्थ्यांचे मंडळ चर्चेपुरते होते. त्यांना मोकळ्या वेळेत एकत्र येण्यासाठी, खेळण्यासाठी स्वतःची जागा हवी होती. साहेबांचे जिमखाने होते, पण तिथे त्यांना स्थान नव्हते. नव्या क्लबचे ‘अल अहली’ हे नाव अमीन सामी अमीन यांनी सुचवले. ‘अहल’ म्हणजे घरचे, आप्त, एका भूमीची माणसे. त्यावरून ‘अहली’ म्हणजे देशी, राष्ट्रीय, आपल्या लोकांचा. या क्लबची पुढची सगळी वाटचाल मला या एका शब्दाचा अर्थ पुन्हा पुन्हा ठरवण्याची धडपड वाटते.

सुरुवातीला फुटबॉल हा त्यातला मुख्य खेळ नव्हताच. क्लबचा संघ 1911 मध्ये उभा राहिला, तोही विद्यार्थी मैदानावर आपसांत खेळू लागले म्हणून. लाल रंग तेव्हाच्या इजिप्शियन ध्वजावरून आला, असे सांगितले जाते. कारभारात मात्र देशातील मोठी माणसे आरंभापासून होती. ब्रिटिशांविरुद्धच्या 1919 च्या उठावाचे नेते साद झगलूल यांनी क्लबच्या सर्वसाधारण सभेचे अध्यक्षपद भूषवले होते. 1922 मध्ये पंतप्रधान झालेले अब्देल खालिक सरवत पाशा त्या वेळी क्लबचेही अध्यक्ष होते. 1925 मध्ये सदस्यत्व केवळ इजिप्शियनांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय झाला आणि नावातला अर्थ नियमात उतरला.

जो संघ पुढे अहलीचा कट्टर प्रतिस्पर्धी ठरला, तो जॉर्ज मर्झबाख या बेल्जियन वकिलाने 1911 मध्ये काढला. परकीय आणि इजिप्शियन दोघांनाही प्रवेश असल्याने त्याला ‘मुख्तलत’, म्हणजे मिश्र, असे नाव पडले. राजेशाहीत तो ‘फारूक’ झाला आणि 1952 च्या क्रांतीनंतर ‘झमालेक’. अहली राष्ट्राचा आणि झमालेक परक्यांचा, अशी सरळ विभागणी अनेकदा केली जाते. ती मला पटत नाही. ज्या शहरात देशी माणसाला साहेबाच्या क्लबाचे दार बंद होते, तिथे दोघांना एका मैदानावर आणणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती.

तरी अहलीच्या वाट्याला आलेले प्रसंग त्याची प्रतिमा घट्ट करत गेले. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या इजिप्तच्या संघातील महमूद मुख्तार अल-तेत्श हे त्याचे सर्वांत लाडके खेळाडू. 1943 मध्ये अहलीने पॅलेस्टाइनचा दौरा करू नये, असे फुटबॉल संघटनेने बजावले. संघटनेची सूत्रे प्रतिस्पर्धी क्लबच्याच अध्यक्षांकडे, हैदर पाशांकडे होती. अल-तेत्श यांच्या पुढाकाराने खेळाडू तरीही गेले आणि परतल्यावर त्यांच्यावर बंदी आली. कैरोतील गझीरा बेटावरील क्लबच्या मैदानाला आज अल-तेत्श यांचेच नाव आहे.

1948-49 मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. पहिले विजेतेपद अहलीचे आणि 1958-59 पर्यंत पूर्ण झालेल्या प्रत्येक हंगामाचेही अहलीचेच. त्या संघातील सालेह सलीम पुढे क्लबचे अध्यक्ष झाले. इस्रायलशी झालेल्या 1967 च्या युद्धानंतर काही वर्षे साखळी बंदच राहिली. सत्तरच्या दशकात हंगेरीचे प्रशिक्षक नांदोर हिदेगकुती यांनी संघ नव्याने घडवला. 1982 मध्ये घानाच्या असांते कोटोको क्लबला हरवून अहलीने प्रथमच आफ्रिकेतील क्लबांचा चषक जिंकला. 2024 पर्यंत ही विजेतेपदे बारा झाली. त्यातील 2006 च्या विजेतेपदाची आठवण चाहते आजही काढतात. ट्युनिशियातील रादेस येथे सामना संपत आला असताना भरपाईच्या वेळेत अहलीच्या मोहम्मद अबूत्रिका यांनी तिथल्या सफाक्सियन क्लबविरुद्ध गोल केला आणि हातचा गेलेला चषक परत आला.

2007 मध्ये ‘अल्ट्रास अहलावी’ हा चाहत्यांचा गट स्थापन झाला. लाखो तरुणांना एकत्र येण्यासाठी प्रेक्षागाराखेरीज फारशी जागा उरलेली नव्हती, आणि तिथे त्यांची पोलिसांशी सतत गाठ पडत होती. जानेवारी 2011 मध्ये कैरोच्या तहरीर चौकात होस्नी मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध निदर्शने पेटली तेव्हा पोलिसांना तोंड कसे द्यायचे, हे माहीत असलेल्या तरुणांमध्ये हे चाहते होते. साधारण एका वर्षाने, 1 फेब्रुवारी 2012 रोजी, पोर्ट सईद येथे तिथल्या अल मसरी क्लबविरुद्धचा सामना 1-3 असा हरल्यावर अहलीच्या प्रेक्षकांवर हल्ला झाला. दिवे गेले, बाहेर पडायचे लोखंडी दार बंद होते, आणि सत्तरहून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक अगदी कोवळी मुले होती. एकाने अहलीच्या खेळाडूंच्या खोलीत, अबूत्रिका यांच्यासमोर प्राण सोडला. चाहत्यांचा ठाम समज असा की, तहरीरचा हिशेब तिथे चुकता करण्यात आला.

साखळी रद्द झाली. देशात प्रेक्षकांविना खेळणाऱ्या त्याच अहलीने नोव्हेंबर 2012 मध्ये ट्युनिसमध्ये तिथल्याच एस्पेरांस क्लबला हरवून आफ्रिकेचा चषक जिंकला. अल्ट्रास अहलावीने मे 2018 मध्ये गट विसर्जित केला. त्याआधी, 1 फेब्रुवारी 2016 रोजी, मृत्यूंच्या चौथ्या स्मरणदिनी हजारो चाहते अल-तेत्श मैदानात जमले होते. त्या दिवशी तिथे सामना नव्हता.