वडगावच्या भोंग्याआधीची गोष्ट

संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही बंद मोबाईल बंद, साडेआठला दुसरा वाजेपर्यंत. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावची ही बातमी २०२२ ला सगळीकडं फिरली, डिजिटल डिटॉक्स म्हणून लय कौतुक झालं. पण सातारा-सांगलीकडं सवय ही एकट्याच्या मनावर कधी सोडलेलीच नाही, कोणीतरी ठोका द्यायचा आणि बाकीच्यांनी उठायचं असंच चालत आलंय.

लांबचं बघायचं तर सज्जनगडचे रामदास. दासबोधाच्या अकराव्या दशकात पहाटे उठण्यापासून दिवस कसा घालवायचा ते सांगितलंय आणि त्यात नुसतं देवाचं नाही, काहीतरी मिळव मग जेव, प्रपंच नीट बघ, एक क्षण रिकामा घालवू नको असंपण आहे. आजचे टाइम मॅनेजमेंटवाले यापेक्षा वेगळं काय सांगतात, फक्त फी घेतात.

मग औंध संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ ला गादीवर आले, स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतपण त्यांनी ते सुरू केले, म्हणजे राजाची सवय ती पोरांची सवय. याच राजानं जागा दिली आणि १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना टाकला, किर्लोस्करवाडी, आता पलूस तालुक्यात, वडगावपासून काय फार लांब नाही. ऊन आणि बैल बघून चालणारी माणसं तिथं घड्याळावर कामाला लागली. त्यावेळी घड्याळाचंच एकमत नव्हतं बरं का, देशाचा स्टँडर्ड टाइम १९०६ ला आला तरी मुंबईनं स्वतःचा वेगळा टाइम १९५५ पर्यंत सोडला नाही!

भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, स्वयंपाक स्वतः, कष्टाचं काम स्वतः आणि त्यातनंच अभ्यास. मला विचाराल तर शिस्तीचा सगळ्यात चांगला प्रयोग हाच, कारण त्यातनं पोरांना काहीतरी मिळत होतं.

पुढं सहकारी साखर कारखाने आले आणि शिफ्ट आली, चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कसला बॅलन्स सांगणार. शेतीची लाईट रात्रीची असेल तर तो रात्री पाणी पाजायला जाणार, आणि घरातली बाई पहाटे उठून धारा काढून डेअरीला दूध घालणार, तिचा टाइम कुठल्याच टाइमटेबलात नाही.

अशात कोरोना आला, शाळा मोबाईलवर गेली, नंतर शाळा उघडल्या पण मोबाईल काय पोरांच्या हातातनं सुटला नाही. वडगाव तीनेक हजार वस्तीचं, शेतकरी आणि साखर कारखान्यात जाणारी लोकं. कल्पना आधी पुरुषांपुढं मांडली तर ते हसले, मग बायकांना जमवलं, त्यांनी सरळ कबूल केलं की सिरियल जास्त होतायत, आणि ऑगस्टमध्ये गावच्या मिटिंगमध्ये ठरलं. नुसता भोंगा लावून भागलं नाहीच, सुरुवातीला आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका, अंगणवाडी सेविका, रिटायर मास्तर असे सगळे घरोघरी फिरून टीव्ही बंद करा म्हणून सांगत होते.