दगडी म्हातारा कशामुळे कोसळला?

3 मे 2003 च्या सकाळी ढग हटले आणि अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कॅनन डोंगरावरचा चेहरा जागेवर नसल्याचं लोकांच्या लक्षात आलं. 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन' म्हणजे कड्यातून पुढे आलेल्या ग्रॅनाइटच्या पाच शिळा. एका बाजूने पाहिलं की त्यात कपाळ, नाक, हनुवटी दिसायची. उंची सुमारे 40 फूट, खालच्या प्रोफाइल तळ्यापासून साधारण 1200 फुटांवर. 1805 पासून त्याची नोंद सापडते, 1945 मध्ये तो राज्याचं बोधचिन्ह झाला आणि 2000 साली क्वार्टरच्या (पाव डॉलरच्या) नाण्यावर चढला. नाणं आलं आणि तीन वर्षांत मूळच गेलं!

'अचानक' म्हणावं असं मात्र त्यात काही नव्हतं. कपाळाची शिळा पुढे सरकतेय ही ओरड विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच होती. 1916 साली एडवर्ड गेडीस या खाणीतल्या जाणकाराने वर चढून ती लोखंडी सळयांनी आवळून धरली. 1958 मध्ये राज्याने आणखी पोलादी सळया घातल्या, भेगा सिमेंटने बुजवल्या, वर आच्छादन घातलं आणि पावसाचं पाणी बाजूला काढायला पन्हळ बांधली. पुढे नील्स नीलसन आणि त्यांचा मुलगा डेव्हिड यांनी अनेक उन्हाळे दोरावर लटकून डागडुजी केली. एवढा सगळा खटाटोप मुख्यतः एकाच शत्रूविरुद्ध होता, तो म्हणजे भेगेत शिरणारं पाणी.

शाळेत आपण शिकतो ते असं: पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, भेगेवर दाब येतो, खडक फुटतो. हे चूक नाही, पण अपुरं आहे. 9 टक्क्यांचा हिसका बसायचा तर भेग पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरलेली आणि सगळीकडून बंद हवी. कड्यावरच्या भेगेचं तोंड बहुतेक वेळा उघडंच असतं, बर्फाला बाहेर सरकायला वाट असते.

या शंकेला खरी धार आणली स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने. 1930 च्या सुमारास त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना प्रसरण नव्हे, आकुंचन पावतं. तरीही माती फुगून वर उचलली गेली. म्हणजे 9 टक्क्यांपलीकडे आणखी काहीतरी चाललं होतं. गोठणाऱ्या थराकडे आसपासचा न गोठलेला द्रव ओढला जातो, तिथे येऊन गोठतो आणि थर जाड होत जातो. जोवर पुरवठा आहे तोवर रेटा थांबत नाही. 1985 मध्ये जोसेफ वॉल्डर आणि बर्नार्ड हॅलेट यांनी हाच विचार खडकाला लावून गणित मांडलं. त्यांच्या हिशेबाने भेगा सर्वांत जोमाने वाढतात त्या उणे 4 ते उणे 15 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात. त्यामुळे पारा शून्याभोवती किती वेळा खालीवर झाला एवढंच मोजून भागत नाही. बोचरी थंडी किती काळ टिकली आणि तेव्हा पाणी मिळत होतं का, हेही पाहावं लागतं.

शिवाय एकटं बर्फच गुन्हेगार नव्हतं. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजावर पाण्याची रासायनिक क्रिया होऊन त्याची केओलिन माती बनते आणि टणक दगड आतून भुसभुशीत होतो. नंतरच्या अभ्यासात संशय गेला तो हनुवटीवर: आधी तिचा आधार सुटला असावा आणि वरचा डोलारा तिच्यामागून आला असावा. सळया मात्र कपाळाला होत्या.

आपल्या सह्याद्रीत ही बर्फाची करामत जवळजवळ नाहीच. इथे बेसॉल्टचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात ते मुख्यतः पाण्याच्या रासायनिक कामामुळे, आणि फटीत रुजलेला पिंपळ पाचरीचं काम करतो. उंच हिमालयात मात्र न्यू हॅम्पशायरचाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालू असतो.

कोसळल्यावर काँक्रीटचा किंवा प्लॅस्टिकचा नवा चेहरा बसवायच्या सूचना आल्या. राज्याने त्या बाजूला ठेवल्या, ते बरंच झालं. 2011 मध्ये तळ्याकाठी पोलादी खांब उभारले. आपल्या उंचीप्रमाणे ठरलेल्या जागी उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं, की खांबाचे कंगोरे रिकाम्या कड्यावर बसतात आणि जुना चेहरा दिसतो.