दोन वर्षं, ५० शब्द: हा हिशोब आला कुठून?

दोन वर्षांच्या मुलाला ५० शब्द यायला हवेत, हे कोणीतरी ऐकवतंच आणि मग आईबाप बोटांवर मोजत बसतात. पण हा आकडा तसा अलीकडचाच आहे.

डार्विनने आपल्या पोराच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्या ३७ वर्षांनी १८७७ मध्ये छापल्या, त्यात बरोबर वर्षाचा झाल्यावर त्याने खाण्यासाठी 'मम' असा शब्द स्वतःच काढला असं लिहिलंय (म्हणजे आपलं मंमंच की!). पण ते एकच मूल. पुढे येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ गेझेलने खूप मुलं बघून कोणत्या वयात काय येतं याचे तक्ते १९२५ मध्ये मांडले, आणि १९६७ ला डेन्व्हर टेस्ट आली, म्हणजे मुलाची वाढ वयाप्रमाणे होतेय का हे बघणारी चाचणी, जी डॉक्टर क्लिनिकमध्येच पटकन करू शकत होते. त्यात भाषेचं कमी होतं म्हणून १९९२ च्या नव्या आवृत्तीत ते वाढवलं.

५० चा नियम गाजला तो मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्लाच्या १९८९ च्या शब्दयादीमुळे. दोन वर्षांचं मूल यादीतले कोणते शब्द बोलतं त्यावर आईवडिलांनीच खूण करायची, ५० पेक्षा कमी निघाले किंवा दोन शब्द जोडत नसेल तर पुढे तपासायचं. मला हे जास्त पटतं, कारण अनोळखी खोलीत बरीच मुलं तोंडच उघडत नाहीत.

खरी गोची पुढे आहे. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपोआप गाठतात, आणि काही वेळेवर बोलणारी नंतर अडखळतात. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्येच लिहिलं होतं की आजार पुढे कसा जातो ते माहीत हवं आणि मान्य उपचार हवा, तरच सगळ्यांचं स्क्रीनिंग (म्हणजे काही शंका नसतानाही सरसकट चाचणी) करा. इथे पहिल्याच अटीला अडतं. कोणत्या चाचण्या सरसकट कराव्यात यावर सल्ला देणाऱ्या अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञांच्या गटानेही २००६, २०१५ आणि २०२४ असं तीनदा तेच सांगितलं, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं बोलण्याचं स्क्रीनिंग करावं की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा. लोक याचा अर्थ 'तपासू नका' असा घेतात, तो चूक आहे, हे फक्त ज्यांच्याबद्दल कसलीच शंका नाही अशा मुलांपुरतं आहे. घरच्यांनाच काही खटकत असेल तर ते स्क्रीनिंग राहतच नाही, तिथे सरळ तपासणी, आणि आधी कान, म्हणजे नीट ऐकू येतं का ते.

त्यात २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ५० शब्द ३० महिन्यांच्या खान्यात टाकले, कारण त्यांनी किमान ७५ टक्के मुलांना जमतं ते वय धरलं. यावर बऱ्याच स्पीच थेरपिस्टांनी नाराजी दाखवली.